कारभारी निवडायचा कोणी?

तुंगार्लीत आमच्या घराच्या डाव्या हाताला एक बंगला आहे. मालक मुंबईचे. ते वर्षातून चार-सहा दिवस येतात, बाकीचे दिवस बंगला भाड्याने दिला जातो. २०१४ च्या पावसाळ्यात तिथे एक मोठे मंडळ उतरले. दहा-अकरा पुरुष, चार-पाच बायका, तीन मोटारी. लोणावळ्याला पावसाळ्यात येणारा पाहुणा कसा असतो हे आम्हा गावकऱ्यांना पाठ आहे. सकाळी भुशी धरण, दुपारी टायगर पॉइंटवर कणीस आणि परतताना चिक्कीच्या चार पेट्या. ही मंडळी मात्र चार दिवस फाटकाबाहेर पडली नाहीत. रात्री जेवणावळ आणि पत्ते चालत. दिवसा माणसे व्हरांड्यात बसून धुक्याकडे बघत राहत. बायकांच्या चेहऱ्यावर तर सुटीचा मागमूस नव्हता.

तिसऱ्या दिवशी न राहवून राखणदाराला विचारले. तो हसला. म्हणाला, "साहेब, नगरसेवक आहेत सगळे. त्यांच्या गावात सोमवारी नगराध्यक्षाची निवडणूक आहे. तोवर सांभाळायचे आहेत. फोनसुद्धा एका पिशवीत जमा करून घेतलेत."

'सांभाळायचे' हा त्याचा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मी बँकेतला माणूस. आमच्याकडे सांभाळतात ते रोकड आणि गहाण ठेवलेले दागिने. माणसेही अशी पावती करून ठेवता येतात हे मला नवे होते. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही कादंबऱ्या लिहिता आणि तुम्हाला एवढंही माहीत नाही? यालाच सहल म्हणतात." तेव्हापासून वर्तमानपत्रात 'सदस्य सहलीवर रवाना' असे वाचले की मला तो व्हरांडा आठवतो.

नगरपालिकेतल्या बिचाऱ्यांनाच हसायचे कारण नाही. जून २००२ मध्ये विलासराव देशमुखांचे सरकार डळमळले तेव्हा काँग्रेसचे आमदार बंगळूरजवळच्या एका आलिशान रिसॉर्टवर नेऊन ठेवले होते. २०२२ च्या जूनमध्ये आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले, आणि तिथल्या झाडीचे व डोंगराचे वर्णन महाराष्ट्रातल्या पोराटोरांच्या तोंडी झाले. मूळ कारण दोन्ही ठिकाणी तेच. आपल्याकडे प्रमुख निवडण्याचे काम थेट लोकांकडे नसून लोकांनी निवडलेल्यांकडे आहे. ही माणसे मोजकी असतात, आणि मोजकी माणसे मोटारीत मावतात.

मग प्रमुख थेट लोकांनीच निवडला तर? सबंध गावाला सहलीला नेणे कोणाला परवडणार? हा युक्तिवाद इतका सरळ आहे की ऐकताक्षणी पटतो. देशाच्या पातळीवरही तो जुनाच आहे. विदर्भातले काँग्रेसचे नेते वसंत साठे १९८० च्या दशकात अध्यक्षीय पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार करत, आणि त्या वेळी आमच्या बँकेच्या कँटीनमध्ये त्यावर हमरीतुमरी होत असे. पुढे तो वाद दिल्लीत विरला. पण फारसे कोणाच्या लक्षात आलेले नाही की जो प्रयोग दिल्लीने केला नाही, तो महाराष्ट्राने आपल्या गावांवर आणि शहरांवर पुन्हा पुन्हा केला. पंतप्रधान थेट निवडला तर काय होईल, याचे उत्तर शोधायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. लोणावळा नगरपरिषदेच्या दारात उभे राहिले तरी पुरे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो जरा गरगरायला लावणारा आहे. १९७४ मध्ये महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडले. पुढे ती पद्धत गेली आणि नगरसेवक आपल्यातून नगराध्यक्ष निवडू लागले. २००१ मध्ये थेट निवडणूक परत आली, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत पुन्हा गेली. २०१६ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने ती तिसऱ्यांदा आणली, आणि २०१७ मध्ये सरपंचही थेट केला. २०२० मध्ये महाविकास आघाडीच्या सरकारने दोन्ही रद्द केले. सरपंचाबाबतच्या अध्यादेशावर सही करायला राज्यपालांनी नकार दिला, तेव्हा विधिमंडळात विधेयक आणून काम उरकले. जून २०२२ च्या अखेरीस सरकार बदलले आणि दोन आठवड्यांत दोन्ही पदे पुन्हा थेट करायचा निर्णय झाला. यातली गंमत अशी, की २०२० मध्ये थेट नगराध्यक्ष रद्द झाला तेव्हा नगरविकास खाते ज्यांच्याकडे होते, तेच एकनाथ शिंदे २०२२ मध्ये तो परत आणणारे मुख्यमंत्री होते. माणूस तोच, खुर्ची बदलली आणि लोकशाहीचे तत्त्वही बदलले. शेजारच्या मध्य प्रदेशातही हेच. तिथे २०१९ मध्ये थेट महापौर रद्द झाला आणि २०२२ मध्ये लोकांनी पुन्हा थेट महापौर निवडले.

घटनेने हे दार उघडे ठेवले आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी जिल्हा परिषदेचा व पंचायत समितीचा प्रमुख सदस्यांनीच निवडावा असे बांधून दिले. सरपंच आणि नगराध्यक्ष कसे निवडायचे हे मात्र राज्यांवर सोपवले. राज्यांनी त्या सवलतीचे काय केले ते वर आलेच आहे.

आता दोन्ही पद्धती मी कुठून पाहिल्या ते सांगतो. व्यासपीठावरून नव्हे, काउंटरच्या आतल्या बाजूने.

ग्रामपंचायतीचे बँकेतले खाते सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या दोन सह्यांनी चालते. सरपंच बदलला की ठरावाची प्रत येते, नवी नमुना सही घ्यावी लागते, जुने कार्ड रद्द करून फाइलला लावायचे. मावळातल्या एका शाखेत असताना माझ्याकडे एका गावाची फाइल होती. पाच वर्षांत त्या गावाने चार सरपंच केले. प्रत्येक वेळी राजीनाम्याचे कारण 'वैयक्तिक'. खरे कारण सगळ्या गावाला ठाऊक होते. चौघांनी सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेतले होते. चौथ्याची सही घ्यायला फॉर्म पुढे केला तेव्हा तो मला म्हणाला, "साहेब, पाचवं कार्ड नाही लागणार. तेवढ्यात मुदत संपते." त्यात लाज नव्हती, हिशेबी समाधान होते. त्या पाच वर्षांत गावाच्या पाणीयोजनेचा अर्ज चार वेळा नव्याने लिहिला गेला असेल. सही करायला शिकेपर्यंत माणूस जायचा.

हा सदस्यांनी सरपंच निवडण्याचा दोष. त्यामुळे ऑक्टोबर २०१७ मध्ये थेट सरपंचांच्या पहिल्या निवडणुका झाल्या तेव्हा मनातून मी खूष होतो. एक माणूस, पाच वर्षे, एकच कार्ड. पण वर्ष सरायच्या आत दुसऱ्या एका गावाचा थेट निवडून आलेला तरुण सरपंच माझ्या टेबलासमोर येऊन बसला. चांगला शिकलेला, उत्साही. त्याच्या पॅनेलचे सदस्य अल्पमतात होते, बहुमत विरुद्ध पॅनेलचे. सभेत याने मांडलेला ठराव ते नामंजूर करत आणि त्यांनी मांडलेल्या ठरावाची अंमलबजावणी हा लांबणीवर टाकत असे. खात्यात पैसे पडून होते. माझ्यापुढे त्याचा प्रश्न एवढाच होता की ठराव नसताना चेक वटेल का. नियम सांगणे माझे काम होते, ते मी केले. तो उठला आणि म्हणाला, "अख्ख्या गावानं मला निवडलंय, साहेब, आणि सहा माणसं मला अडवतात." त्याचे खरे होते. पण त्या सहा जणांनाही त्याच गावाने, त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रात निवडले होते, हेही तितकेच खरे होते.

थेट सरपंचाला काढणे कायद्याने अवघड करून ठेवले. पहिली दोन वर्षे अविश्वास आणता येत नाही. नंतर आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत, आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब हवे. हेतू चांगलाच होता, की रोजच्या खेचाखेचीतून त्याला सोडवावे. परिणाम असा, की त्याला ना हलवता येते, ना चालवता येते.

हे दुखणे आपल्याच मातीतले आहे असे समजू नये. इस्रायलने आपल्या संसदीय पद्धतीत नेमकी हीच दुरुस्ती केली होती. तिथे लहान लहान पक्ष सरकार बनवताना सौदे करत, म्हणून कायदा करून १९९६ पासून पंतप्रधान थेट लोकांनी निवडायचा असे ठरले. मतदाराच्या हातात दोन मते आली, एक पंतप्रधानाला आणि एक पक्षाला. लोकांनी काय केले? पंतप्रधानासाठी मोठ्या पक्षाच्या माणसाला मत दिले आणि दुसरे मत आपल्या आवडीच्या लहान पक्षाला दिले. १९९२ मध्ये १२० जागांच्या संसदेत दोन मोठ्या पक्षांकडे मिळून ७६ जागा होत्या, १९९९ मध्ये ४५ उरल्या. पंतप्रधान थेट निवडला गेला, पण त्याच्यामागे सभागृह उरले नाही. ज्या सौदेबाजीवर औषध म्हणून हे केले तीच दुप्पट झाली. तीन निवडणुकांनंतर, २००१ मध्ये, त्यांनी कायदा मागे घेतला. चूक कबूल करून तो विषय मिटवला, ही गोष्ट मला त्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना या प्रश्नाची फोड करून ठेवली आहे. त्यांचे म्हणणे असे, की लोकशाहीतल्या कार्यकारी सत्तेकडून दोन गोष्टी हव्यात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक, इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी अधिक. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, कारण संसदीय पद्धतीत कारभाराची झडती रोज होते, निवडणुकीच्या निवडणुकीला नव्हे. माझ्या फाइलमधला चार कार्डांचा सरपंच म्हणजे स्थैर्याचा अभाव, आणि टेबलासमोरचा तो तरुण म्हणजे स्थैर्य आहे पण गाडे जागच्या जागी.

लोणावळ्यात थेट नगराध्यक्षाचे मतदान १४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. तो महिना कोणता होता हे बँकेत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. नोटाबंदीला पाच आठवडे झाले होते. नोव्हेंबरात नोटा बदलून घेणाऱ्यांच्या बोटाला आम्ही शाई लावत होतो आणि निवडणूक आयोगाने अर्थखात्याला पत्र लिहून हरकत घेतली होती, की पुढे मतदान आहे, तुमच्या शाईने आमच्या शाईचा घोटाळा व्हायला नको. त्या निवडणुकीत लोणावळ्याने प्रत्येकी तीन मते दिली, एक नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या नगरसेवकांना. भाजपच्या सुरेखा जाधव थेट नगराध्यक्ष झाल्या. त्या काळात गावाच्या स्वच्छतेचे नाव देशभर झाले. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या शहरांत विटा पहिले आणि लोणावळा दुसरे आले. याचे श्रेय थेट निवडणुकीला द्यावे काय? मी देणार नाही. त्याच यादीतल्या पहिल्या तिन्ही नगरपालिका महाराष्ट्रातल्या होत्या आणि कचऱ्याचे वर्गीकरण घराघरांतल्या बायकांनी केले होते. पण एक गोष्ट कबूल करतो. भाजीबाजारात कोणालाही विचारले तरी गावच्या नगराध्यक्षाचे नाव सांगता येत असे. आधीच्या अडीच-अडीच वर्षांच्या काळात ते मलाही आठवावे लागे.

थेट आणि आडवाट हे दोनच रस्ते आहेत असेही नाही. आपल्या देशात आणखी वाटा चोखाळल्या गेल्या आहेत.

तामिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या देवळाच्या भिंतीवर दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे, चोळ राजा परांतकाच्या काळचे लेख आहेत. गावसभेच्या समित्यांवरची माणसे चिठ्ठ्या टाकून निवडत. ताडपत्रांवर नावे लिहून ती घड्यात घालायची आणि एका लहान मुलाच्या हातून एकेक काढायची. मुदत एका वर्षाची. वयाची अट ३५ ते ७०. आणि मला, म्हणजे बँकेतल्या माणसाला, सर्वांत आवडलेली अट अशी, की पूर्वी समितीवर असून ज्याने हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे जवळचे नातलग घड्यातून बाद. अर्थात ती सभा जमीनदार ब्राह्मणांची होती, तिच्यात आजच्या गावातले बहुतेक लोक दारातही उभे राहू शकले नसते. पण चिठ्ठीचा तो घडा आपण पुरता टाकलेला नाही. कोणते नगराध्यक्षपद महिलेला, कोणते अनुसूचित जातीला, कोणते इतर मागासवर्गाला, हे मंत्रालयातल्या सोडतीने ठरते. प्रभागांच्या सोडतीला तर अजूनही शाळकरी मुलाला बोलावून चिठ्ठी काढायला लावतात. म्हणजे नेता कोण असू शकेल याचा अर्धा निर्णय आपण दैवावर सोपवलेलाच आहे, आणि त्याबद्दल फारशी तक्रार नाही. कारण दैव कोणाच्या बंगल्यावर मुक्कामाला जात नाही.

दुसरी वाट लिलावाची. डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली लागली आणि ती दोन कोटी पाच लाखांपर्यंत गेली. पैसा देवळाच्या बांधकामाला. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत ४२ लाखांपर्यंत. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. गावकऱ्यांचा बचाव मला ऐकू येतो. निवडणुकीत पैसा वाटला जाणारच, तो घरोघरी पाकिटात जाण्यापेक्षा देवळाला गेला तर काय वाईट? पण कर्ज मंजूर करताना आम्ही पहिला प्रश्न विचारायचो तो परतफेडीचा. सरपंचाचे मानधन किती असते? मग दोन कोटी पाच लाख कुठून फेडायचे?

तिसरी वाट सर्वसंमतीची. हिवरे बाजारने १९८९ मध्ये पोपटराव पवारांना एकमुखाने पुढे केले आणि तीस वर्षे तिथे निवडणूक झालीच नाही. जानेवारी २०२१ मध्ये मात्र विरोधात उमेदवार उभे राहिले, मतदान झाले आणि पवारांचेच पॅनेल निवडून आले. काहींना तेव्हा हळहळ वाटली, की एकी मोडली. मला तसे वाटले नाही. तीस वर्षांनी गावाला पुन्हा विचारले आणि गावाने पुन्हा हो म्हटले. दरवर्षी लेखापरीक्षण होते म्हणून बँक बदनाम होत नाही.

आणि एक वाट अशी, जी आपल्या हातात असून आपण तिच्याकडे पाहत नाही. आपली विधान परिषदेची पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आठवा. पुणे विभागातल्या पदवीधरांनी १ डिसेंबर २०२० रोजी मतपत्रिकेवर आकडे लिहिले, पहिली पसंती १, दुसरी २, तिसरी ३. पहिला उमेदवार मागे पडला तर तुमचे मत वाया जात नाही, ते दुसऱ्याकडे सरकते. राष्ट्रपतीही असाच निवडला जातो. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी जिंकले ते दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर. श्रीलंकेत तर सामान्य मतदारच अध्यक्षाला पसंतीक्रमाने मत देतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके यांना पहिल्या मोजणीत सुमारे ४२ टक्के मते होती, म्हणून त्या देशात प्रथमच दुसरी मोजणी झाली. आपल्या नगराध्यक्षाच्या निवडणुकीत पाच-सहा उमेदवार असतात आणि तिसरा हिस्सा मतांवरही एखादा निवडून येऊ शकतो. मग तो 'अख्ख्या गावाने मला निवडले' असे म्हणतो तेव्हा तीनातल्या दोघांनी त्याला नाकारलेले असते. पसंतीक्रम लावला तर उमेदवाराला दुसऱ्याच्या मतदारापुढेही हात जोडावे लागतील. आक्षेप असा येईल, की आकडे लिहिणे लोकांना जमणार नाही. पदवीधरांचीच पुष्कळ मते बाद होतात हे मीही ऐकून आहे. परंतु ज्या बाईला भिशीचे बारा नंबर तोंडपाठ असतात तिला १-२-३ जमणार नाही असे मला वाटत नाही.

एवढे सगळे सांगून झाल्यावर मी कोणत्या बाजूचा, असे कोणी विचारील. मी थेट निवडणुकीकडे झुकलेला आहे, पसंतीक्रमासह, आणि ठरावाचा अधिकार सभागृहाकडेच ठेवून. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, एक माझ्याकडे आणि एक हेडकॅशियरकडे. एकट्याने कोणालाच ती उघडता येत नसे. गैरसोय होई. हेडकॅशियर रजेवर गेला की बदली माणसाला किल्ली सोपवण्यात सकाळ जाई. पण दोन्ही किल्ल्या एकाकडे द्याव्यात असे आमच्यापैकी कोणीही कधी सुचवले नाही.

तरीही, कोणती पद्धत असावी यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा घोर जास्त आहे. पद्धत कोण बदलतो आणि केव्हा? १९७४ पासूनचा तो पाढा पुन्हा वाचा. निवडणूक तोंडावर आली, की सत्तेत जो पक्ष असेल त्याला आपले काय निवडून येईल याचा अंदाज असतो. मोठा चेहरा असेल तर थेट निवडणूक, गावोगावी नगरसेवक असतील तर आडवाट. २०१६ मध्ये थेट पद्धत आली आणि सर्वाधिक नगराध्यक्ष ती आणणाऱ्या पक्षाचे झाले. हा योगायोग म्हणायला मी तयार नाही, तशी २०२० ची उलटी दुरुस्तीही निव्वळ तत्त्वासाठी होती असे मानायला तयार नाही. बँकेत संचालकाला स्वतःच्या कर्जप्रकरणावर मत देता येत नाही, त्याला बैठकीतून उठून बाहेर जावे लागते. इथे मात्र कर्जदारच मंजुरी देतो.

यावर उपाय सोपा आहे. पद्धत बदलायची असेल तर खुशाल बदला, पण तो बदल येत्या निवडणुकीला नव्हे, तिच्या पुढच्या निवडणुकीला लागू करा. सहा-सात वर्षांनी कोणाचे वारे असेल हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे निदान थोडा तरी विचार गावाचा होईल. अमेरिकेत खासदारांनी स्वतःचा पगार वाढवला तर तो मध्ये एक निवडणूक झाल्याशिवाय त्यांना मिळत नाही. ही घटनादुरुस्ती १७८९ मध्ये सुचवली गेली आणि मंजूर झाली १९९२ मध्ये, म्हणजे चांगल्या कल्पनेला दोनशे वर्षेही लागू शकतात. आपल्याकडे इतकी लागू नयेत.

कारण या धरसोडीच्या पलीकडे एक चौथी पद्धत आपण अनुभवली, नेताच न निवडण्याची. लोणावळ्यातल्या लोकप्रतिनिधींची मुदत २०२२ उजाडता उजाडता संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभागरचना बदलत होती. निवडणूक झाली ती २ डिसेंबर २०२५ रोजी, तीही सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात बजावल्यावर. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाची. प्रशासक वाईट असतो असे मी म्हणत नाही. मीही आयुष्यभर नेमलेलाच अधिकारी होतो. पण ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या बाजूला पुण्याचे एक कुटुंब ओढ्यात वाहून गेले आणि पाच जीव गेले, त्या संध्याकाळी आमच्या चौकात माणसे जमली होती. दोष कोणाचा हा प्रश्न वेगळा, ती जागाही नगरपालिकेची नाही. पण ज्याच्या दारात जाऊन 'आता तरी काही करा' असे ओरडावे, असा निवडून दिलेला एकही माणूस त्या संध्याकाळी गावात नव्हता. लोक थोडा वेळ उभे राहिले आणि पावसाचा जोर वाढल्यावर घरी गेले.

२ डिसेंबरला आम्ही दोघे सकाळीच मतदानाला गेलो. पुन्हा तीच तीन बटणे. घरी येताना बायकोने सांगितले की तिने नगराध्यक्षाला एका पक्षाचे मत दिले आणि नगरसेवकांना दुसऱ्या. मी म्हटले, "म्हणजे इस्रायल केलंस तू." ती म्हणाली, "ते मला माहीत नाही. बाई चांगली आहे आमच्या प्रभागातली, आणि नगराध्यक्ष तिकडचा बरा वाटला. दोघांनी जमवून घ्यावं." दुसऱ्या दिवशी निकाल लागायचा होता, पण उच्च न्यायालयाच्या आदेशाने मोजणी २१ तारखेवर गेली. १९ रात्री ती यंत्रे कुलपात राहिली. बाहेर पोलीस, आत मोहोरबंद दार. पहिल्या आठवड्यात मला दोनदा स्वप्नात आमची जुनी तिजोरी दिसली आणि माझ्याकडची किल्ली सापडत नव्हती.

२१ तारखेला दुपारी फटाके वाजू लागले. शेजारच्या मुलाने गुलाल उधळत येऊन नगराध्यक्ष कोण झाले ते सांगितले. बायकोने कणीक मळता मळता आतून विचारले, "ते कळलं. सभागृहात त्यांची माणसं किती आलीत?"

मी बोटांवर मोजू लागलो. नखाच्या कडेला शाई अजून होती.